हाली, कलदार आणि निवृत्तिवेतन

पैशाचा विषय चारचौघांत काढू नये, घरातही मुलांसमोर काढू नये, अशा शिस्तीत आमची पिढी वाढली. हिशेबाची वही वडिलांच्या हाती असे, आणि आईला त्यातील जेवढे ठाऊक असे तेवढे ती मनात ठेवी. या शिस्तीचे मोल काय पडते, हे आम्हांस गेल्या दिवाळीत कळले. पाडव्याच्या दुपारी, वांकिडीच्या घरी, वडिलांची लोखंडी पेटी त्यांच्या पश्चात प्रथमच सर्वांसमोर उघडली गेली. दादा होते, धाकटे बंधू होते, राजुऱ्याहून आतेभाऊ आले होते, हैदराबादेहून पुतण्या आला होता, आणि आई दाराशी पाट टाकून बसली होती.

वर पहाणीच्या नकला निघाल्या. त्यांच्याखाली स्टेट बँक ऑफ हैदराबादची दोन पासबुके, दोऱ्याने बांधलेली किसान विकास पत्रे, जुन्या पावत्या, आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेले चारमिनारच्या छापाचे काही हाली रुपये. त्या एका पेटीत सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा जमाखर्च होता. मात्र तो वाचता येईल असा एकही माणूस घरात उरला नव्हता.

वांकिडी हे आसिफाबादेहून राजुऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्हे फोडले गेले, तेव्हापासून ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. घरी मराठी, कचेरीत तेलुगू आणि भोवतालच्या गुड्यांत गोंडी, असा इथला व्यवहार. निजामी अमदानीत या मुलखात हाली सिक्का चाले. वर्धा नदी ओलांडून चांद्याकडे गेले की इंग्रजी अंमल लागे आणि तिथे कलदार. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. कापूस तिकडे विकला तर कलदार हाती येत, आणि शेतसारा इकडे हालीत भरावा लागे. ज्याला हा बट्टा तोंडी करता येई, तो माणूस त्या काळी घरातील कर्ता समजला जाई. आमचे आजोबा तो करीत, असे आई सांगते.

पुढे १९५० मध्ये भारतीय रुपया आला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, आणि १९५९ मध्ये हाली सिक्का कायमचा बाद झाला. मधल्या १९५६ च्या राज्यरचनेत राजुरा व किनवट हे तालुके आदिलाबादेपासून तुटून मराठी मुलखास जोडले गेले. राजुरा प्रथम नांदेडास आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास. वांकिडी अलीकडेच राहिली. आमच्या आत्याचे सासर राजुऱ्याचे. तिचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात झाले, तेव्हा कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. लग्नकार्ये होत राहिली, एस.टी. येत राहिली. सीमारेषेचे खरे मोल पुढे पन्नास वर्षांनी कळावयाचे होते, आणि तेही निवृत्तिवेतनाच्या रूपाने.

दादा शिक्षक होते. नोकरी १९८० च्या दशकातली. निवृत्त झाले ते जुन्या नियमांनी. शेवटच्या वेतनाच्या निम्म्याच्या आसपास निवृत्तिवेतन, त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता, आणि त्यांच्या पश्चात वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन. दादांना या रकमेचा कधी विचारच करावा लागला नाही, आणि हेच तिचे मोठेपण होते. धाकटे बंधूही शिक्षकच. त्यांची निवड २००३ च्या जाहिरातीतून झाली, परंतु नेमणुकीचा आदेश हाती पडला तो २००५ साली. दरम्यान केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या नोकरांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद केले होते, आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने तोच मार्ग धरून १ सप्टेंबर २००४ ही तारीख ठरविली. त्या तारखेनंतर जे रुजू झाले त्यांच्या वेतनातून दहा टक्के कापले जातात, सरकार तितकीच भर घालते, आणि ती रक्कम बाजारात गुंतविली जाते. पुढे तेलंगण वेगळे झाले तरी ही व्यवस्था चालत राहिली.

आतेभाऊ राजुऱ्याकडे सरकारी कचेरीत लिपिक. तेही २००५ सालीच, बंधूंच्या थोडे आधी, रुजू झाले. मात्र महाराष्ट्राची तारीख निराळी होती : १ नोव्हेंबर २००५. म्हणून आतेभाऊंना जुने निवृत्तिवेतन लागू आहे. दोघे जवळजवळ एकाच वयाचे, एकाच वर्षी नोकरीस लागलेले. एकाच हमरस्त्यावर, मध्ये फक्त राज्याची कमान. एकास मरेपर्यंत ठरलेली रक्कम, आणि दुसऱ्यास साठलेल्या पुंजीवर जे काय मिळेल ते. आणखी एक गंमत अशी की तेलंगणाने २०२१ मध्ये निवृत्तीचे वय ६१ केले. महाराष्ट्रात लिपिकास ५८ व्या वर्षी घरी जावे लागते. म्हणजे ज्यास निवृत्तिवेतन निश्चित, तो तीन वर्षे आधी मोकळा होतो. जाहिरात मुदतीपूर्वीची आणि नेमणूक नंतरची, अशांना जुन्या योजनेचा पर्याय महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. सीमेच्या अलीकडील २००३ च्या जाहिरातीचे शिक्षक नेमके तेवढेच मागत आले आहेत.

त्या दुपारी या गोष्टीवरून वातावरण थोडे जड झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. दादा म्हणाले, "अरे, सरकार काहीतरी करीलच." धाकटे बंधू शांतपणे म्हणाले, "दादा, तुमच्या वेळी सरकार करीत असे." आम्ही कागद घेऊन ढोबळ हिशेब मांडला. समजा निवृत्तीच्या दिवशी ४० लाख रुपये साठले. त्यातील निदान ४० टक्के, म्हणजे १६ लाख, विमा कंपनीकडे गुंतवून त्यांतून दरमहा वेतन घ्यावे लागते. वर्षाला साडेसहा टक्के धरले तर १ लाख ४ हजार. महिन्यास साडेआठ हजारांहून थोडे अधिक. त्यास महागाई भत्ता नाही. वीस वर्षांनीही तो आकडा तोच. उरलेले २४ लाख मात्र त्यांच्या हाती येतील, आणि आमच्या मते खरी परीक्षा याच रकमेची आहे. आपल्या समाजात निवृत्तीचा एकरकमी पैसा आला की घराचा मजला वर चढतो आणि मुलीचे लग्न थाटात होते. दादांनी ते केले आणि त्यांचे निभावले, कारण मागे दरमहाचा ओघ होता. धाकट्यांनी तेच केले तर पासष्टीनंतर मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागेल. त्या २४ लाखांकडे त्यांनी पुढच्या पंचवीस वर्षांचे धान्य म्हणून पाहावे, असे आम्ही स्पष्ट सांगितले. वहिनींना ते फारसे रुचले नाही.

आणि तरीही बंधूंची स्थिती पुष्कळांहून बरी. जवळच कागजनगरला १९३८ साली स्थापन झालेली सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली, आणि २०१८ मध्ये जे.के. पेपरने ती घेईपर्यंत सारे गाव तिच्या भोंग्यावाचून राहिले. खासगी कारखान्यांतील कामगारांस १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू असते. तीत निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर, असे सूत्र आहे. परंतु हे वेतन प्रत्यक्षातील नव्हे. त्यास कमाल मर्यादा असे, २०१४ पूर्वी ती ६,५०० रुपयांची होती. म्हणजे तीस वर्षे घाम गाळलेल्या माणसास महिन्याकाठी तीन हजारांच्या आतबाहेर. २०१४ साली सरकारने किमान १,००० रुपयांची हमी दिली. त्याच्या तुलनेत तेलंगणातील आसरा योजनेत निराधार वृद्धास २०१९ पासून २,०१६ रुपये मिळू लागले. नोकरीच न केलेल्यास दुप्पट, ही विसंगती कोणाही गिरणी कामगारास बोचणारच.

पेटीतील विकास पत्रांकडे वळू. किसान विकास पत्र १९८८ मध्ये निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. इंदिरा विकास पत्र त्याआधी दोन वर्षांचे. ते पाच वर्षांत दुप्पट, पण त्यावर धारकाचे नावच नसे, हरवले की हरवले. खेड्यापाड्यांतील माणसास व्याजाची टक्केवारी कळत नसे, 'दुप्पट' मात्र तत्काळ कळे. आमच्या वडिलांनी कापसाचे पैसे आले की पत्र घ्यावे आणि मनात बहिणीच्या लग्नाचे वर्ष मोजावे, असा त्यांचा क्रम होता, आणि त्या वेळी तो अगदी शहाणपणाचा होता. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला चक्रवाढीने तेरा टक्क्यांहून अधिक! भविष्य निर्वाह निधीही त्या काळी बारा टक्के देई. मग दर उतरू लागले. १ मार्च २००३ पासून दुपटीस ८ वर्षे ७ महिने लागू लागले. २०११ मध्ये योजना बंद झाली, २०१४ मध्ये परत आली, आणि २०२३ पासून दुपटीची मुदत ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर गेली. लोकनिर्वाह निधीचा दर बारावरून २००० साली अकरा झाला आणि उतरत उतरत २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. २०१६ पासून तर हे दर दर तीन महिन्यांनी ठरतात.

वडिलांना हे कोणी सांगितले नाही, किंवा त्यांनी विचारले नाही. पेटीतील पत्रांपैकी चार फार पूर्वी मुदत पूर्ण झालेली निघाली. ठेवली तितकी वाढतील, अशा समजुतीने त्यांनी ती जपली होती. प्रत्यक्षात मुदत सरली की तो दर सरतो. पुतण्याने भ्रमणध्वनीवर आकडेमोड करून किती बुडाले ते सांगण्यास सुरुवात केली, तेव्हा आईने त्यास थांबविले. आम्हीही ते विचारले नाही.

पुतण्याचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण तो या सर्वांत हुशार. २०२१ मध्ये त्याने हैदराबादेत सदनिका घेतली. ३० लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, व्याज सात टक्क्यांच्या आसपास, हप्ता २३ हजार २५९ रुपये. त्याचे म्हणणे असे की हप्ता एका पैशानेही वाढलेला नाही, म्हणून काळजीचे कारण नाही. आम्ही त्यास कर्जाचा उतारा काढून आणावयास सांगितले होते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी चल-व्याजाची कर्जे बाहेरच्या दराशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधलेली असतात. मे २०२० मध्ये चार टक्के असलेला हा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. बँकेने हप्ता तसाच ठेवला आणि वर्षे वाढविली. सात टक्क्यांचे वीस वर्षांचे कर्ज नऊ टक्क्यांवर गेले आणि हप्ता तोच राहिला, तर ते फिटावयास सुमारे अडतीस वर्षे लागतात. साडेनऊ टक्के झाले तर महिन्याचे व्याजच २३ हजार ७५० होते. कर्ज फिटण्याऐवजी वाढू लागते. आजोबांच्या बट्ट्यापेक्षा हा हिशेब अवघड नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड ऋणकोस द्यावी. २०२५ मध्ये रेपो दर पुन्हा उतरला, त्यामुळे पुतण्याचे संकट हलके झाले. पण दर उतरल्यावर मुदत पूर्ववत् झाली की नाही, हे त्याने अद्याप पाहिले नव्हते. गहाण जमिनीचे असो वा सदनिकेचे, दरसाल एकदा उतारा मागवून किती हप्ते राहिले ते पाहावे, एवढे आम्ही वाचकांसही सुचवितो.

कराविषयी थोडक्यात. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने आमच्या घरी आयकर हा शब्द दादांच्या पगाराबरोबर आला. पगारदारांची एक पक्की सवय झालेली आहे : मार्च महिना उजाडला की कर वाचविण्यासाठी मिळेल ती विमा पॉलिसी घ्यावयाची. २००५ पासून ८० सी या कलमाखाली एक लाखाची आणि २०१४ पासून दीड लाखाची वजावट मिळे, म्हणून तिला अर्थ होता. २०२० मध्ये वजावटी नसलेली नवी करप्रणाली आली, २०२३ पासून तीच मूळ धरली जाऊ लागली, आणि २०२५-२६ या वर्षासाठी तीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागला नाही. ज्याने नवी प्रणाली स्वीकारली, त्याने कर वाचविण्याच्या नावाखाली विमा घेणे म्हणजे पाऊस नसता छत्री भाड्याने घेणे होय. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही तीत वजा होत नाही, तेव्हा पुतण्यासारख्यांनी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. दादांसाठी एक सोय झाली : बँकेतील व्याजावर मुळातूनच कर कापण्याची ज्येष्ठ नागरिकांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून पन्नास हजारांवरून एक लाख झाली. आणि जाता जाता, व्यवसाय कर अलीकडे वर्षाला २,४०० रुपये, पलीकडे २,५००. सीमेचा तेवढा फायदा आमच्या बाजूस!

ठेवी कोठे ठेवाव्यात, यावर आतेभाऊंचा आणि दादांचा वाद झाला. त्यांच्याकडे पतसंस्थांचे प्रस्थ, आमच्याकडे चिट्यांचे. बँकेतील ठेवीस विम्याचे संरक्षण असते. ते १९९३ पासून एक लाखाचे होते आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे झाले. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थेस ते नाही, आणि चिटीस तर नाहीच. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो तो या उघडेपणाचा मोबदला असतो, हे समजून ज्यास ठेवावयाचे त्याने ठेवावे. आतेभाऊंना हे ठाऊक नव्हते. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसास ठाऊक नव्हते, याचे आम्हांस आश्चर्य वाटले.

स्टेट बँक ऑफ हैदराबादची पासबुके पाहून आई म्हणाली, "ती बँक तर बुडाली ना?" बुडाली नाही, १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसास ती त्याच बँकेमार्फत मागता येते. एका खात्यात थोडी, दुसऱ्यात बरी रक्कम निघाली. दोन्हींवर कोणाचेही नामनिर्देशन नव्हते.

इथून त्या दुपारचे खरे काम सुरू झाले. नामनिर्देशित व्यक्ती पैशाची मालक होते, असा सार्वत्रिक समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच विमा पॉलिसीच्या एका खटल्यात सांगितले की ती व्यक्ती केवळ पैसे स्वीकारते. ते वारसांचेच असतात. म्हणून नामनिर्देशन हवे आणि मृत्युपत्रही हवे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चारजणांपर्यंत नावे देता येतात. दादांनी आपल्या खात्यांस वहिनींचे नाव लावले होते. मृत्युपत्राचे नाव काढताच मात्र ते उठून पाणी प्यावयास गेले.

जमिनीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. तेलंगणात २०१८ पासून रयतु बंधूचे, आणि २०२५ पासून रयतु भरोसाचे पैसे पट्टेदार पासबुकावर ज्याचे नाव, त्याच्या खात्यात जातात. वर्षाला एकरी १२ हजारांचा हा ओघ आहे. कसणाऱ्या कुळाचे नाव पासबुकावर नसते, म्हणून २०१८ च्या योजनेत ते कोरडेच राहिले. आणि पट्टेदार वारला की विरासत लागेपर्यंत वारसही कोरडे राहतात. पहाणी, मग २०२० चे धरणी, मग २०२५ चे भू भारती, असे दफ्तर बदलत गेले. पलीकडे सातबारा मात्र तोच. परमडोलीसारख्या दोन राज्यांच्या वादातील चौदा गावांत तर माणसांजवळ दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे आहेत; त्यांच्या वारसांची काय गत होत असेल!

आमची अडचण निराळी, आणि सीमेवरच्या बहुतेक मराठी घरांची असावी अशी. तेलुगू रीतीप्रमाणे घराचे नाव आधी आणि स्वतःचे नंतर. आपल्या रीतीप्रमाणे स्वतःचे, नवऱ्याचे आणि मग आडनाव. पासबुकावर वडिलांचे आडनाव पुढे, आधार पत्रावर मागे. आईचे लग्नापूर्वीचे नाव विकास पत्रावर, लग्नातले नाव शिधापत्रिकेवर, आणि कोणा लिपिकाने तेलुगूतून इंग्रजीत उतरविताना तयार झालेले तिसरेच नाव बँकेत. एकाच बाईच्या तीन बाया झाल्या होत्या, आणि संगणकास त्या तिघी एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या. एका कार्यालयात आम्हांस सांगण्यात आले की या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही. आई समोरच बसलेली होती.

तेव्हापासून हे काम चालू आहे. आम्ही एक साधी वही केली : कोणते खाते, कोणाच्या नावे, नाव नेमके कोणत्या अक्षरांत लिहिलेले, नामनिर्देशन कोणाचे, मुदत केव्हा. ती वही आईच्या कपाटात असते आणि सुनांनाही ती कोठे आहे ते ठाऊक आहे. विकास पत्रे वटविण्याचा अर्ज गेला आहे. बंधूंनी आपल्या पुंजीचा उतारा प्रथमच काढून पाहिला आणि तो वहिनींना वाचून दाखविला. विरासतीच्या अर्जास आईच्या शाळेचा दाखला हवा होता. तिचे माहेर राजुऱ्याकडचे, शाळा तिथलीच, आणि ती शिकली तेव्हा तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. दाखल्यावर जिल्हा कोणता लिहावा यावर तिथे थोडी चर्चा झाली. आतेभाऊ पुढल्या आठवड्यात तो घेऊन येणार आहेत.